आधी स्वतःच्या पार्टीचं सांग

रविवारी मिसळ हाणली की आमचा कट्टा गंगापूर रोडच्या एका टपरीसमोर भरतो, 2008 पासून, म्हणजे कॉलेज संपलं तेव्हापासून. पण विधानसभेच्या निकालापासून, नोव्हेंबर 2024 पासून, कट्ट्याला दोन टोकं पडलीयेत. पप्या पायरीवर, वकील समोर स्वतःच्या अ‍ॅक्टिव्हावर, मध्ये चहावाल्याचा स्टोव्ह. निकालाच्या रात्री ग्रुपवर पप्याने "अंधभक्त" लिहिलं, वकिलाने "गुलाम" लिहिलं आणि लेफ्ट झाला. तेव्हापासून दोघं चहावाल्याशी बोलतात, एकमेकांशी नाही.

ज्यांच्यासाठी हे चाललंय त्या पार्ट्या जून 2022 आणि जुलै 2023 ला उभ्या फुटल्या, कालचे वैरी एका मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसले, त्यांचं काहीच अडलं नाही, अबोला मात्र आमच्यात. मला तर याचा जाम राग येतो.

परवा मास्तरने विषय काढला. अमेरिकेत ओहायोमधल्या साउथ लेबनन नावाच्या गावात डिसेंबर 2016 ला, ट्रम्प नुकतेच निवडून आले होते तेव्हा, त्यांचे 10 मतदार आणि क्लिंटनबाईंचे 11 एका खोलीत बसवले. कार्यक्रम आखणाऱ्यांत बिल डोहर्टी होते, मूळ धंदा नवरा-बायकोची भांडणं सोडवण्याचा. त्यातूनच पुढे 'ब्रेव्हर एंजल्स' ही संस्था वाढली. समोरच्याचं मत बदलायचंच नाही. लोक आपल्या बाजूला काय काय नावं ठेवतात ते आपणच लिहायचं, आणि त्यात खरं किती तेही आपणच सांगायचं.

"आम्ही काय नवरा-बायको आहे का भो?" पप्या.

"त्यांच्यात निदान अबोला रात्रीपर्यंत मिटतो." मास्तर.

वकील उखडला. "हे भरल्या पोटाचे खेळ आहेत मास्तर. ज्याचं नुकसान झालंय त्याला काय सांगणार, गोड बोल म्हणून?" मुद्दा बरोबर होता, मलाही पटला. मास्तर म्हणाला, गोड नको बोलू, भांड की, पण सुरुवात घरापासून कर.

बराच वेळ कोणी बोलेना. कटिंगवर साय धरली. मग वकील ग्लासात बघतच म्हणाला, "आमच्या सरकारची 7 डिसेंबर 2023 ची कांदा निर्यातबंदी. लाल कांदा मार्केटला यायच्या ऐन टायमाला. मामा निफाडला कांदा लावतो, दिवाळीनंतर चार महिने त्यांच्याकडे गेलो नाही मी, काय तोंड दाखवणार? आणि उठवली कधी तर 4 मे ला, नाशिकचं लोकसभेचं मतदान पंधरा दिवसांवर असताना. इथे मात्र मी काय सांगत होतो, शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे."

आता पप्या नाचणार असं वाटलं, पण तो नुसता मान खाजवत बसला. मास्तरच म्हणाला, "पप्या, डिसेंबर 2010 आठवतो का?" तेव्हाही निर्यात बंद केली होती, दिल्लीत पप्याच्या बाजूचं सरकार, कृषिमंत्री महाराष्ट्राचे. वकील याच टपरीवर "शेतकरी मारला" म्हणून ओरडत होता, आणि पप्या...

"हां हां, म्हणालो होतो," पप्या म्हणाला. "शहरातल्या गरिबाला परवडला पाहिजे. सेम टु सेम."

चहावाला खो खो हसला. म्हणे तेव्हा पण तुम्ही दोघांनी उधारीच ठेवली होती.

मग काय गळ्यात गळे वगैरे नाही. दहा मिनिटांत परत ईव्हीएमवर जुंपली, पप्याने कप आपटला, वकिलाने किक मारली. पण या वेळी भांडण थेट होतं, चहावाल्यामार्फत नाही. घरी पोचेपर्यंत पप्याने त्याला ग्रुपमध्ये परत अ‍ॅड केलं होतं. रात्रीपर्यंत वकील लेफ्ट झाला नव्हता, लिहिलं मात्र काहीच नाही.