वरातीमागून बुलेट

साडेपाच म्हणजे साडेपाच. पाच वाजून तीस मिनिटं. यात न कळण्यासारखं काय आहे, हे मला कोणीतरी एकदा समजावून सांगा.

रविवारी पहाटे साडेचारला उठलो. बायको कुशीवर वळून म्हणाली, "झोप रे, तुझे मित्र साडेसातच्या आत हलत नाहीत." मी तिला काहीतरी बाणेदार उत्तर दिलं आणि अंधारात चोरासारखा बूट चाचपडत बसलो. पाच पंचविसाला वारज्याच्या पुलाखाली हजर. चेनला आदल्या रात्री ल्यूब मारलेलं, दोन्ही टायरमध्ये हवा बघितलेली, टाकी फुल्ल, बॅगेत पंक्चर किट आणि रेनकोट. आणि पुलाखाली कोण? दोन कुत्री आणि स्टोव्ह पेटवत बसलेला चहावाला. याला घरातून हाकललंय की काय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे बघितलं.

आम्ही आठ जण. शनिवारी रात्री अकरा वाजता ग्रुपवर आठही अंगठे आले होते. 'उद्या कास. ५:३० शार्प.' हे 'शार्प' लिहिणारा आमचा बुलेटवाला. वेळेपुढं शार्प लिहिणारा माणूस कधीही वेळेवर येत नाही, हे मी गेली सहा वर्षं बघतोय.

पाच चाळीसला पहिला मेसेज. 'निघालोच.' या 'निघालोच'मधला तो 'च' नीट बघा. ज्याला खरंच निघायचंय तो निघतो, टाइप करत बसत नाही. 'निघालोच' म्हणजे अजून पांघरुणात आहे आणि एक डोळा उघडलाय. 'पाचच मिनिटं' म्हणजे गीझर चालू केलाय. 'ऑन द वे' म्हणजे हेल्मेट कुठे ठेवलं ते आईला विचारतोय. एकानं तर 'चांदणी चौक क्रॉस केला' असं लिहिलं आणि त्याच वेळी लाइव्ह लोकेशन चुकून चालू ठेवलं. गडी धनकवडीत, स्वतःच्या बिल्डिंगमध्ये, ठिपका तसूभर हलत नाही. अरे, थाप तरी अक्कल लावून मारा! धनकवडीहून वारज्याला यायला चांदणी चौक लागतोच कुठे?

माझ्यानंतर वेळेवर आले ते फक्त आमचे स्प्लेंडरवाले काका. वय अठ्ठावन्न. बरोबर साडेपाचला आले, गाडी साइड स्टँडला लावली, म्हणाले, "कोणी नाही ना? वाटलंच होतं," आणि पिशवीतून पेपर काढला. हा माणूस राईडला येताना वाचायला घेऊन येतो. अनुभव, दुसरं काय!

सहा वाजले. सव्वासहा झाले, तांबडं फुटलं. एकेक जण उगवायला लागला. आणि जो येतो तो काय म्हणतो? "अरे, अजून सगळे आले नाहीत? मग मी उगाच पळत आलो." उगाच! पाऊण तास उशिरा येऊन वर आमच्यावर उपकार.

सहा पन्नासला बुलेट. आधी आवाज आला, मग दोन मिनिटांनी माणूस. नवं जॅकेट, नवे ग्लोव्हज, हेल्मेटवर कॅमेरा, दोन्ही बाजूंना सॅडलबॅग्ज. लडाखला निघाल्यासारखा थाट. हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि पहिलं वाक्य काय? "चला, आधी पेट्रोल भरून घेऊ."

माझं डोकं इथं फिरलं. शनिवारी संध्याकाळी पुण्यात पेट्रोल विकायला बंदी असते का? हा शनिवारी त्याच बुलेटवरून मिसळ खायला गेला होता, पंपावरूनच गेला असेल ना? आठ गाड्या वाजतगाजत पंपावर. तिथे पेट्रोल भरल्यावर याला आठवतं की मागच्या चाकात हवा कमी आहे. आता रविवारी सकाळी सातला हवेवाला पोरगा कुठून असणार? तो अजून उठायचाय. त्याला हाका मारा, कॉम्प्रेसर चालू व्हायची वाट बघा. तेवढ्यात केटीएमवाल्याला एटीएम हवं. आणि मग सगळ्यात संतापजनक वाक्य, "आम्ही चहा नाही घेतला अजून." तुम्ही नाही घेतला, मी तीन घेतले! चौथाही घेतला, कारण करणार काय?

निघालो तेव्हा सात चाळीस झाले होते. माझी बायको ज्योतिषी नाही, साधी बँकेत आहे.

आता कोणी म्हणेल, दोन तासांनी काय आभाळ कोसळतं? ज्यानं हा रस्ता पहाटे बघितला नाही तोच असं म्हणेल. हायवे ४८ पहाटे सहाला वेगळाच असतो. नवा कात्रज बोगदा ओलांडला की हेल्मेटच्या फटीतून गार वारं शिरतं. खेड शिवापूरच्या नाक्यावर शुकशुकाट असतो. कापूरहोळ, किकवी, सारोळ्याला नीरा नदीवर धुकं, डावीकडून ऊन वर येतं, आणि ऐंशीच्या स्पीडला इंजिनचा सूर असा लागतो की मागचा आठवडा, त्यातला बॉस, सगळं विसरायला होतं. सातपर्यंत खंबाटकी चढून पलीकडे गेलं पाहिजे. आठनंतर याच रस्त्यावर अख्खं पुणे उतरतं. पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या, काचेतून बाहेर डोकं काढलेली पोरं, डुलक्या घेणारे ड्रायव्हर, शेवटच्या क्षणी तीन लेन कापून ढाब्याकडे वळणारे मामा. त्या एका तासासाठी मी साडेचारला उठतो. तो एक तास या लोकांनी पुलाखाली चहात बुडवला.

बरं, उशीर झालाय तर गप शांतपणे चालवा. नाही! उशीर झाला की यांना तो भरून काढायचा असतो. ठरलेलं असतं की पुढे काका, मागे मी, ऐंशीच्या वर कोणी जायचं नाही. बोगद्यातून बाहेर पडलो आणि केटीएमवाला सूं. त्याच्या मागे बुलेट, एकशे दहा. ज्याला सहा पन्नासपर्यंत अजिबात घाई नव्हती, त्याला आता अचानक घाई. आणि हा काही मोकळा रस्ता नव्हे हो. उजव्या लेनमध्ये एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करत असतो, दोघांच्या वेगात फरक दोन किलोमीटरचा. डावीकडून मोटरसायकलवर तिघं जण उलटे येत असतात, कारण पुलाखालून वळून यायला लांब पडतं. शिरवळला कंपन्यांच्या बस भर रस्त्यात माणसं उतरवतात. दुभाजकाच्या फटीतून बाई डोक्यावर भारा घेऊन उतरते, तिला तुमची एकशे दहाची हौस कशी कळणार? मी मागून हॉर्न मारतोय, हातवारे करतोय. आरशात बघायची सवय असेल तर दिसेल. बुलेटवाल्याच्या आरशांचा उपयोग केस बघण्यापुरता.

आणि ऐका. हेच महाशय किकवीला थांबायचं ठरलेलं विसरून पुढे गेले. फोन केला तर म्हणे, "थांबा, आलोच." कसे आले? उलट्या बाजूनं! तीनशे मीटर, हेडलाइट लावून, हॅझर्ड लावून, जणू हॅझर्ड लावला की उलटं जायचा परवाना मिळतो. दर राईडला रॉंग साइडवाल्यांना शिव्या घालणारा हाच माणूस.

खंबाटकीला पोचलो तेव्हा सव्वानऊ. जे व्हायचं तेच झालं. परतीच्या गाड्या बोगद्यातून सुखानं जात होत्या, पण साताऱ्याकडे निघालेल्या आम्हाला तो घाट चढणं भाग होतं. पहिल्या गिअरमध्ये कण्हणारे कंटेनर, त्यांच्या मध्ये घुसलेल्या कार, बॉनेट उघडून वाफ बघत उभी कुटुंबं, जळक्या क्लच प्लेटचा वास. दुचाकीला जागा कुठली, तर ट्रकचं चाक आणि डोंगराकडची गटार यांच्यामध्ये वीतभर. चाळीस मिनिटं अर्धा क्लच दाबून दाबून डावा हात मनगटापासून बधिर झाला. इंजिनच्या उष्णतेनं पोटरी भाजून निघाली. आणि बुलेटवाला शेजारी येऊन, व्हायझर वर करून विचारतो काय, "आज फारच ट्रॅफिक आहे ना?"

या रस्त्याचीही गंमत आहे म्हणा. २०१० साली याचं सहापदरीकरण सुरू झालं, ते २०१३ च्या मार्चपर्यंत संपायचं होतं. पुढे वर्षानुवर्षं आम्ही सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांतून आणि अर्धवट पुलांच्या बाजूनं गेलो. रस्ता आणि माझे मित्र एकाच गुरूचे चेले. तोही 'निघालोच' म्हणत होता.

कासला आमचं सकाळचं बुकिंग होतं. ऑनलाइन, पैसे भरून, आठ जणांचं, माझ्या फोनवर, माझ्या कार्डावरून. सातारा, यवतेश्वरचा घाट, गाड्यांची रांग करत वर पोचलो तेव्हा पावणेबारा. सकाळची वेळ संपलेली. गेटवरचा माणूस बिचारा सभ्यपणे म्हणाला, "साहेब, वेळेवर यायचं ना." मला! मला म्हणाला तो! मागे हे सात जण उभे, काकांना वगळा, सहा. आणि बोलणी कोण खातंय, तर पाच पंचविसाला पुलाखाली आलेला माणूस. आत तेरडा फुललाय, सीतेची आसवं फुललीत, सप्टेंबरच्या ऐन भरातलं पठार. आम्ही कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला. बुलेटवाल्यानं टाकीवर हात ठेवून फोटो काढला. मागे फुलं नाहीत, कुंपणाची जाळी आहे. खाली ओळ, 'अर्ली मॉर्निंग राईड वुइथ ब्रदर्स'. त्याला एकशे बारा लाइक.

मी बोललो. जेवताना सगळं बाहेर काढलं. तर उत्तर ठरलेलं, "अरे एन्जॉय कर ना, राईड आहे, ऑफिस थोडंच आहे!" बरोबर. ऑफिस नाही. ऑफिसात हाच माणूस सोमवारी नऊ अठ्ठावीसला मशीनवर बोट ठेवतो, कारण नऊ एकतीसला अर्धा दिवस कापतात. मुंबईला मीटिंग असली की सव्वासातच्या डेक्कन क्वीनला सातलाच सीटवर बसलेला असतो. ती गाडी याच्या पेट्रोलसाठी थांबत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे घड्याळ कळतं. बॉसचा वेळ कळतो, रेल्वेचा कळतो. मित्राचा वेळ मात्र फुकटचा, हवा तितका ओता.

सोडून का जात नाही, असंही विचारतात. गेलो होतो की! गेल्या जानेवारीत. वाईला जायचं होतं. पावणेसहापर्यंत वाट बघितली, काकांकडे बघितलं, काकांनी पेपर घडी करून पिशवीत टाकला, निघालो. काय राईड झाली ती! थंडीनं बोटं आखडलेली, खंबाटकीत चार ट्रक, सुरूरला वळून साडेसातच्या आत वाईत गरम पोहे. मग मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर कृष्णेत पाय सोडून बसलो. काका तिथली पोर्तुगीज घंटा बघून आले, बाकी दीड तास दोघं एक शब्द बोललो नाही. साडेअकराला बाकीची वरात आली. आणि माझ्याशी कोणी बोलेना. "मित्रांना टाकून जातो." "ग्रुप राईड म्हणतात याला?" चार तास उशिरा आलेले रुसले आणि मी समजूत काढत फिरतोय! काकांना कोणी काही म्हणालं नाही, त्यांचं वय आडवं आलं. संध्याकाळपर्यंत माझं ॲडमिनपद गेलं. ग्रुपवर माझं नाव 'स्टेशन मास्तर' पडलं, ते आजतागायत आहे.

मंगळवारी नवा मेसेज आला. 'संडे कोल्हापूर, तांबडा-पांढरा, सेम डे रिटर्न. ५:०० शार्प.' जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या वर, आणि लिहिणारा अर्थात बुलेटवाला. खाली भराभर सहा अंगठे. मी अंगठा दिला नाही. त्याला एकच ओळ लिहिली, 'पेट्रोल भरलंस का?'

दोन निळ्या टिका आल्या, त्याला आज चौथा दिवस. उत्तर नाही. काकांनी मात्र मला वेगळा मेसेज केलाय, 'दिवाळी अंक घेऊन येतो, जाड आहे.'