भांडायला दार तरी हवं

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या मोरीतून घाण पाणी वर यायला लागलं. त्यांच्याबरोबर मी वॉर्ड ऑफिसला तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब साइटवर, दुसऱ्यांदा व्हिडिओ कॉन्फरन्सवर, तिसऱ्यांदा गेलो तर साहेबांची बदलीच झालेली. हातात राहिली ती अर्जाची पोच, जांभळ्या शिक्क्याची. जिना उतरताना काकू म्हणाल्या, "आधीचा नगरसेवक काही गुणाचा नव्हता, पण रात्री अकरा वाजता त्याच्या दारात जाऊन भांडता तरी यायचं."

मला तेव्हापासून हेच खुपतंय.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात २२७ प्रभागांना नगरसेवक नाही. आयुक्त तेच प्रशासक. प्रस्ताव आणणार तेच, स्थायी समितीच्या जागी मंजुरी देणार तेच, महासभाही तेच. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प एकाही लोकप्रतिनिधीच्या मताशिवाय पास झाला. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईत तर २०२० पासून हाच कारभार होता.

राज्यघटनेचं कलम २४३ यू सरळ सांगतं: मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक. ओबीसी आरक्षणाचा खटला होता, प्रभागरचनेचा घोळ होता, मान्य. पण मविआ गेली, महायुती आली, घाई कुणालाच दिसली नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी २०२६ उजाडलंच.

अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. कितीतरी जण जीव तोडून काम करतात. पण आयुक्ताची नेमणूक आणि बदली मंत्रालयातून होते, आमच्या गल्लीतून नाही. मग तो कुणाचा फोन आधी उचलणार? सभागृह रिकामं झालं म्हणून सत्ता काही नुसती अधिकाऱ्याकडे गेली नाही, ती त्याच्यामार्फत राज्य सरकारच्या हातात गेली. शहराचा रस्ता, नाला, बाग, सगळं वरून ठरायला लागलं. आणि ठरवणाऱ्याला आपण मतपेटीतून घरी पाठवूच शकत नव्हतो. नगरसेवक टक्केवारी खातात, टेंडरात हात मारतात, हे मलाही दिसतं. पण सभागृहात विरोधी बाकावरचा एखादा तरी उठून विचारायचा, हे काम याच ठेकेदाराला का? ती चार वर्षं हा प्रश्न विचारायला अधिकृत जागाच नव्हती.

आता नगरसेवक निवडून आलेत. माझी त्यांच्याकडे एकच मागणी आहे. प्रशासकांच्या काळात तुमच्या प्रभागासाठी जे जे ठराव झाले, त्यांची यादी, रक्कम आणि ठेकेदाराच्या नावासकट, सभागृहात मागा आणि वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा. मी काकूंची ती पोच जपून ठेवली आहे. येत्या सोमवारी आम्ही दोघं ती घेऊन नव्या नगरसेविकेकडे जाणार आहोत.