युद्ध संपलं आणि आभारप्रदर्शन झालं

आत्ताच घरी आलेय आणि डोकं इतकं तापलंय की झोप येणार नाही, म्हणून लिहून टाकते.

दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीनिमित्त व्याख्यान होतं. हॉल बऱ्यापैकी भरलेला, स्लाइड्स झकास. स्टालिनग्राड, नॉर्मंडी, बर्लिन, हिरोशिमा आणि शेवटी २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या उपसागरात मिसुरी जहाजावर झालेल्या सह्या. या सगळ्यात भारत किती आला, तर "भारतीय सैनिकांचंही मोलाचं योगदान होतं" एवढं एक वाक्य, तेही पाण्याचा घोट घेता घेता.

मग प्रश्नोत्तरं. मागून एक आजी उठल्या, ऐंशीच्या पुढच्या, नातवाच्या खांद्याला धरून. म्हणाल्या, "माझे वडील मराठा पलटणीत होते. इटलीला गेले ते आलेच नाहीत. तिथं त्यांना जाळलं का पुरलं, तेवढं सांगा."

वक्ते चाचरले. तेवढ्यात सूत्रसंचालक बाई गोड आवाजात, "आजी, वेळेअभावी आपण इथेच थांबूया." आणि सत्कार सुरू! शाली, श्रीफळं, देणगीदारांची भली मोठी यादी, त्याला बरा वेळ होता.

अहो, २५ लाख माणसं होती हो आपली, त्यातली ८७ हजारांच्या आसपास गेली. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत बरोबरचे सगळे मेले नाहीतर जखमी झाले तरी एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, इटलीतल्याच सेनिओ नदीच्या पाण्यातून जखमी साथीदारांना काठावर आणलं आणि परत एकट्याने मशीनगनच्या चौक्या उडवल्या, ती ९ एप्रिल १९४५, युरोपातलं युद्ध संपायला महिनासुद्धा उरला नव्हता. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. समाप्तीवरच बोलायचं होतं ना, मग यांच्याबद्दल बोला की!

माझ्या शेजारचे काका पुटपुटले, "इंग्रजांचे नोकर होते, त्यांचं काय एवढं." बरं, पगारासाठी गेले, कबूल. साम्राज्याची लढाई होती, तेही कबूल, त्याच युद्धात १९४३ ला बंगालमध्ये लाखो लोक उपाशी मेले हे मी विसरलेले नाही. पण काका, युद्ध संपून सहा महिने होतात न होतात तोच मुंबईत ज्या नौसैनिकांनी बंड केलं, त्यांनाही पगार इंग्रजच देत होते. आणि त्या आजींनी कुठे पुतळा मागितला होता? बाप कुठे आहे एवढंच विचारत होत्या.

आणि उत्तर होतं हो त्याला! इटलीतल्या आपल्या हिंदू-शीख जवानांपैकी पुष्कळांचं दहन झालं, त्यांची नावं फोर्ली आणि सांग्रो नदीच्या युद्धस्मशानांत स्मारकांवर कोरलेली आहेत, ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांची कॅसिनो गावातल्या स्मारकावर. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या वेबसाईटवर नाव टाकून शोधता येतं, फुकट. दोन मिनिटांचं काम होतं, एक शाल कमी घातली असती तर जमलं असतं.

वक्त्यांवर राग नाही माझा, खरंच. एका माणसाला सगळं माहीत नसतं आणि ते नंतर आजींना शोधत होते असं कळलं. पण तोवर आजी निघाल्या होत्या, मला पार्किंगमध्ये भेटल्या. मोबाईलवर नाव टाकलं तर त्याच नावाचे कितीतरी जवान निघाले, कारकुनाने लिहिलेली स्पेलिंगं तर विचारूच नका. आजी स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "यातला कुठलाही माझा बाप असेल की गं." मला काही बोलताच येईना. मग नातवाला आठवलं, पेन्शनचा जुना कागद घरी पेटीत आहे, त्यावर शिपाई नंबर असेल. तो मिळाला तर पलटणीवरून लागेल. उद्या फोटो पाठवतोय.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे कागद, मेडलं, मनीऑर्डरच्या पावत्या असतील तर रद्दीत घालू नका प्लीज. नाव, नंबर, पलटण दिसेल असा फोटो मला पाठवा, मी शोधून देते. जरा रात्रीचे पाठवा, दिवसा ऑफिस असतं.