‘काहीही गिळलं तरी दोन दिवस थांबा’ म्हणे!

एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय: ‘मुलानं काहीही गिळलं तरी घाबरू नका. मोठे मोठे घास भरवा, नाहीतर मीठपाणी पाजून उलटी काढा. एक्स-रेत काही दिसलं नाही की काळजी मिटली. दोन दिवसांत शीवाटे पडतं.’

यातलं थोडं खरं आहे, म्हणून तर तो पटतो. जठरापर्यंत उतरलेल्या वस्तूंपैकी ८० ते ९० टक्के आपसूक बाहेर पडतात. नाण्याला कधी दोन-तीन आठवडेही लागतात. पण हा हिशेब जठरात पोचलेल्या वस्तूंचा. मेसेजवाल्यानं तेवढं गाळलं आणि वर ‘काहीही’ घुसडलं.

त्या ‘काहीही’त बटण सेल, म्हणजे रिमोटमधला चपटा गोल सेल येतो. तो अन्ननलिकेत अडकला की ओल्या अस्तरातून करंट वाहतो, ऋण बाजूला जळजळीत अल्कली तयार होते आणि मांस विरघळू लागतं. २ तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल फुटायची गरज नसते; रिमोट चालेना म्हणून काढून ठेवलेला ‘संपलेला’ सेलही हे करतो. एक्स-रेत तो थेट नाण्यासारखा दिसतो. कड निरखली तर आत दुसरी गोल रेघ असते आणि बाजूनं काढलेल्या फिल्मवर कडेला छोटी पायरी. घाईत बघणारा इथे हमखास चकतो.

घरगुती उपायांत मध मात्र अगदीच थोतांड नाही. सेल १२ तासांच्या आत गिळलेला असेल, मूल वर्षावरचं असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर हॉस्पिटलच्या वाटेवर दर १० मिनिटांनी १० मिली, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी घरी थांबायचं मात्र नाही.

चुंबकांचं वेगळंच. एकटं चुंबक बहुधा निघून जातं. दोन गिळली, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ती एकमेकांना धरतात, मधली भिंत चिमटीत सापडते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि भोक पडतं. पहिल्या दिवशी पोर मजेत खेळत असतं, हीच मोठी फसगत.

घासांचं म्हणाल, तर अन्ननलिकेत वस्तू अडकून ज्याला स्वतःची लाळही गिळता येत नाही त्याचा घास जाणार कुठे? शिवाय तोंडावाटे दुर्बीण (एंडोस्कोप) घालायला पोट रिकामं लागतं. उलटीनं खाली उतरलेली पिन पुन्हा वर ओरबाडत येते, श्वासनलिकेतही जाऊ शकते. टोकदार वस्तू जठरात असली तरी २४ तासांत दुर्बिणीनं काढलेली बरी.

आणि एक्स-रे? प्लास्टिक, लाकूड, माशाचा बारीक काटा त्यात बहुधा दिसतच नाही. फिल्म कोरी असून गिळताना टोचत असेल, तर सीटी स्कॅन किंवा दुर्बीणच. बेरियम, म्हणजे एक्स-रेत दिसणारं पांढरं द्रावण, पाजणं शक्यतो टाळतात. दुर्बिणीतून मग पांढऱ्या लेपाशिवाय काही दिसत नाही.

निघताना त्याच जातीचा दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट खिशात टाका. सेलच्या पाठीवर २०३२ कोरलेलं असेल, तर डॉक्टरांना लगेच कळतं: व्यास २० मिमी, जाडी ३.२.