वीजयंत्रणेची ‘गुपितं’ परदेशात जात असल्याच्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सायबर सुरक्षेच्या नावाखाली सरकार आपल्या वीजयंत्रणेची गुपितं परदेशी सरकारांना देतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई बंद पडली ती त्यामुळेच. आपलं ग्रीड, म्हणजे देशभरचं विजेचं जाळं, इंटरनेटला जोडलेलंच नाही, मग या देवाणघेवाणीची गरज काय? आणि वीज कर्मचाऱ्यांनी वरून येणाऱ्या सायबर सूचना सरळ बाजूला टाकाव्यात.

असलं बरंच काही मी वाचून सोडून देतो. पण माझा मावसभाऊ एका उपकेंद्रात यंत्रचालक आहे. हा मजकूर मला पाठवून त्याने खाली लिहिलं, “दादा, मग ते मेल उघडायचेच कशाला?” म्हणून शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करेल.

१ मार्च २०२१ चं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचं निवेदन काढून वाचा. त्यात तारखा आहेत. देशाचं ग्रीड चालवणाऱ्या सरकारी कंपनीच्या (तेव्हाचं नाव पोसोको) काही नियंत्रण केंद्रांना ‘शॅडोपॅड’ या घातक सॉफ्टवेअरचा धोका असल्याचा ईमेल सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेकडून १९ नोव्हेंबर २०२० ला आला. मग १२ फेब्रुवारी २०२१ ला महत्त्वाच्या यंत्रणांचं सायबर संरक्षण पाहणाऱ्या एनसीआयआयपीसी या सरकारी संस्थेचा मेल आला: ‘रेड एको’ नावाचा चिनी गट हेच सॉफ्टवेअर वापरून वीज कुठे किती जायची ते सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्रांच्या यंत्रणेत शिरू पाहतोय. त्या मेलमधले सगळे आयपी पत्ते आणि डोमेन (म्हणजे हल्लेखोरांचे इंटरनेटवरचे पत्ते) सर्व नियंत्रण केंद्रांच्या फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारावर, अडवले गेले, संगणक तपासले गेले. अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्यूचर या खासगी कंपनीने याच गटावरचा अहवाल जाहीर केला तो २८ फेब्रुवारीला. म्हणजे बातमी जगभर होण्याआधीच आपल्याकडे इशारा पोचला होता, आणि कुलपं लागली ती कोणीतरी तो मेल उघडून वाचला म्हणून. तो मेल पडून राहिला असता तर काय, याचं उत्तर फॉरवर्ड लिहिणाऱ्याने द्यावं.

याच निवेदनाने ‘गुपितं दिली’ हा मुद्दाही निकालात निघतो. अशा मेलमध्ये असतं काय? आयपी पत्ते, डोमेनची नावं, घातक फाइलच्या खुणा, कोणतं सॉफ्टवेअर ताबडतोब अद्ययावत करायचं त्याची यादी. देशादेशांमध्ये रोज फिरते ती मुख्यतः हीच माहिती. चोराचं वर्णन शेजारच्या पोलीस ठाण्याला कळवलं म्हणून आपल्या घराची किल्ली कोणाच्या हातात जात नाही. सर्ट-इनचा अमेरिकेशी अशी माहिती देण्याघेण्याचा करार १९ जुलै २०११ ला झाला, तोही उघडपणे.

मुंबईचं म्हणाल तर त्या सकाळी लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, ते कोणी विसरलेलं नाही. पण कारणावर सरकारांमध्येच एकमत नाही. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर सेलच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताचा संशय बोलून दाखवला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. रेकॉर्डेड फ्यूचरनेही मुंबईची वीज जाणं आणि रेड एकोची घुसखोरी यांचा संबंध सिद्ध झालेला नाही असंच लिहिलं. फॉरवर्डवाल्याला मात्र सगळं पक्कं ठाऊक आहे!

“ग्रीड इंटरनेटला जोडलेलं नाही.” हे ऐकून ऐकून कान किटले. २९ ऑक्टोबर २०१९ ला कुडनकुलम अणुवीज केंद्राने हेच सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने कबूल केलं की एका संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडलं आणि सर्ट-इनने ते ४ सप्टेंबरलाच कळवलं होतं. नियंत्रण यंत्रणेला धक्का लागला नाही, संगणक प्रशासकीय कामाचा होता, असं महामंडळ म्हणालं. ठीक. पण युक्रेनमध्ये वीजयंत्रणेवरच्या हल्ल्याची सुरुवात कार्यालयातल्या संगणकांपासूनच झाली होती. मेलला जोडलेली फाइल कोणीतरी उघडली, हल्लेखोर काही महिने आत राहून पासवर्ड गोळा करत राहिले, आणि २३ डिसेंबर २०१५ ला तीन वितरण कंपन्यांच्या सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. यंत्रचालकांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरत होता. तक्रार केंद्राचे फोनसुद्धा जाम केले होते. शेवटी माणसांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर चढवले. अमेरिकेचं पथक युक्रेनला गेलं, तपशील जाहीर झाले, आणि ती पद्धत आज आपल्या कोणत्याही अभियंत्याला वाचायला मिळते.

आता फॉरवर्डमधला अर्धा खरा मुद्दा. परदेशी सरकारं सगळं सांगत नाहीत आणि स्वतःचा फायदा बघतात. मान्य. अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेला विंडोजमधलं एक भगदाड ठाऊक होतं. हेरगिरीसाठी वापरायचं म्हणून त्यांनी ते कित्येक वर्षं मायक्रोसॉफ्टपासूनही लपवलं. एप्रिल २०१७ मध्ये ते हत्यार चोरांनी चव्हाट्यावर आणलं. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ आणि २७ जूनला ‘नॉटपेट्या’ ही घातक सॉफ्टवेअर त्याच्या जोरावर पसरली. नॉटपेट्याने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची यंत्रणा झोपवली आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. यातून देवाणघेवाण बंद करा असा निष्कर्ष कसा निघतो? ते भगदाड वेळेत सांगितलं असतं, तर ते बुजवायला जगाला काही आठवड्यांऐवजी काही वर्षं मिळाली असती.

तक्रार करायचीच असेल तर ती वेगळी आहे, आणि ती मीही करतो. कुडनकुलमच्या बाबतीत सर्ट-इनने सप्टेंबरच्या सुरुवातीला कळवलेलं लोकांना ऑक्टोबरच्या अखेरीस समजलं, तेही आधी नाकारून झाल्यावर. आता २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवणं बंधनकारक आहे. उपकेंद्रातल्या माणसापर्यंत ती सूचना समजेल अशा मराठीत, आणि त्याच दिवशी पोचते का, हे आपापल्या वीज कंपनीला विचारा.