भरपाई हवी? मग आधी मालक व्हा

गुलामगिरीची भरपाई सरकारकडून मिळवायची असेल तर पूर्वज निवडतानाच डोकं चालवावं लागतं. बहुतेकांची चूक तिथेच होते. खापरपणजोबा नेमका उसाच्या मळ्यात राबणारा निघतो आणि मग पुढच्या पाच-सहा पिढ्या सरकारदरबारी खेटे घालत बसतात. तोच खापरपणजोबा मळ्याचा मालक निघाला असता, तर पैसे केव्हाच घरात आले असते. व्याजासकट.

सरकारं भरपाई देत नाहीत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. देतात, आणि चोख देतात. ब्रिटनचंच बघा. १८३३ साली तिथल्या संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि सोबत भरपाईपोटी २ कोटी पौंड मंजूर केले. सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या जवळपास ४० टक्के. तिजोरीत एवढा पैसा नव्हता. पण 'निधी उपलब्ध नाही' असं लिहून फाइल परत पाठवायची पद्धत तेव्हा नसावी. सरकारने नेथन रॉथ्सचाइल्ड आणि मोझेस माँटेफिओरे या सावकारांमार्फत दीड कोटी पौंडांचं कर्ज उभं केलं, मालकांचे पैसे चुकते केले आणि कर्ज पुढच्या पिढ्यांच्या बोकांडी बसवलं. ते फिटलं २०१५ साली. फेब्रुवारी २०१८मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने मोठ्या अभिमानाने ट्वीट केलं की तुमच्यापैकी लाखो लोकांनी कर भरून गुलामांचा व्यापार संपवायला हातभार लावला आहे. मग बोंब झाली आणि ट्वीट गुपचूप काढून टाकलं. म्हणजे जमैकाहून लंडनला येऊन जन्मभर बस चालवणाऱ्या माणसाने, आपल्याच पणजोबाच्या मालकाला दिलेल्या पैशाचे हप्ते आपल्या पगारातून फेडले. २०१५च्या आधी तिकडे नोकरीला असलेल्या तुमच्या आतेभावानेही फेडले. त्याला सांगा, बरं वाटेल.

मालकांनी भरपाईसाठी केलेल्या त्या अर्जाचा नमुना मात्र प्रत्येक होतकरू अर्जदाराने अभ्यासावा. रकाने असे: मुकादम, कारागीर, दुय्यम कारागीर, शेतावरचे मजूर, दुय्यम मजूर, घरगडी. मग सहा वर्षांखालची मुलं. आणि शेवटी म्हातारे, आजारी किंवा अन्य कारणाने निरुपयोगी. निरुपयोगींचेही पैसे होते, कमी, पण होते. सहा वर्षांखालच्या मुलांना कायद्याने लगेच मोकळं केलं होतं, तरी त्यांचेही मिळाले. दर कसा काढला? १८२२ ते १८३० या काळात त्या त्या वसाहतीत माणसं काय भावाने विकली गेली, त्याची सरासरी धरून. आपल्याकडे जमिनीला रेडी रेकनर असतो, तसा. चाळीस हजारांवर दावे आले आणि निकाली निघाले. 'फार गुंतागुंतीचं आहे हो, कोणाला किती द्यायचं हे ठरवणार कसं?' हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही. तो नंतर पडला, रांगेत दुसरी माणसं उभी राहिल्यावर.

रकमा भुरट्या नव्हत्या. पुढे चार वेळा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांच्या वडिलांनी, जॉन ग्लॅडस्टन यांनी, २,५०८ माणसांचे १,०६,७६९ पौंड उचलले.

आणि त्या २,५०८ जणांना काय मिळालं? असं कसं, त्यांना प्रशिक्षण मिळालं. कायद्यात शब्द होता उमेदवारी. सुटलेल्या गुलामांनी त्याच मालकाकडे, आठवड्याला ४५ तासांपर्यंत, बिनपगारी उमेदवारी करायची, म्हणजे त्यांना स्वातंत्र्याची सवय होईल. चाळीस वर्षं ऊस तोडलेला माणूस ऊस तोडायला शिकू लागला. १८३८मध्ये कॅरिबियनमधलं हे शिक्षण आवरतं घ्यावं लागलं.

इथे तुमच्या मनात येईल, या भानगडीत आपला काय संबंध? आहे, थोडासा. मॉरिशसच्या मळेवाल्यांनाही याच २ कोटींतून २० लाखांवर पौंड मिळाले. पैसे आले, पण फुकट राबणारी माणसं गेली. मग त्यांनी हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणायला सुरुवात केली. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख माणसं पोर्ट लुईला उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपल्या कोकणातलीही होती. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते याचं आपल्याला फार कौतुक. ती माणसं मुळात कोणाच्या रिकाम्या जागेवर आणली होती, हे आरतीत येत नाही. मळ्यावर एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा, असा तिथला नियम होता. तेव्हा भरपाईची रक्कम कुठे गुंतवावी असा प्रश्न तुम्हाला पुढे पडलाच, तर हा अनुभवी लोकांचा मार्ग लक्षात ठेवा.

दुसरी सूचना: काहीही झालं तरी स्वतःहून सुटू नका. हैती या फ्रान्सच्या वसाहतीतल्या गुलामांनी हा आततायीपणा केला. लढले, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १८०४ साली स्वतंत्र झाले. रीतसर अर्ज नाही, पोच नाही. १८२५ साली फ्रान्सच्या राजाचा दूत चौदा युद्धनौका घेऊन किनाऱ्याशी आला आणि बिल पुढे ठेवलं: १५ कोटी फ्रँक, पाच हप्त्यांत. आमच्या मळेवाल्यांची मालमत्ता बुडाली, त्याची भरपाई. मालमत्तेत जमीन आली, कारखाने आले आणि जे बिल भरणार होते ते लोकही आले. पहिला हप्ता ३ कोटींचा. तो भरायलाही फ्रान्सच्याच बँकवाल्यांकडून कर्ज घ्यावं लागलं. त्यांनी कागदावर ३ कोटी दिले आणि हातावर टेकवले २ कोटी ४० लाख. खासगी सावकाराकडून पैसे घेतलेल्या कोणालाही हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. पुढे १८३८ला एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण त्यातून निघालेल्या कर्जांची शेपटं १९४७पर्यंत वळवळत होती.

२००३ साली हैतीचे अध्यक्ष आरिस्टीड यांनी फ्रान्सकडे हे पैसे परत मागितले. आकडा होता २१ अब्ज ६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि ४८ सेंट. त्या ४८ सेंटवर जगभर हसणं झालं. दुसऱ्या वर्षी आरिस्टीड यांना पद आणि देश दोन्ही सोडावे लागले, आणि नंतरच्या हंगामी सरकारने मागणी मागे घेतली. एप्रिल २०२५मध्ये, राजाच्या त्या फर्मानाला २०० वर्षं झाल्यावर, फ्रान्सने इतिहासकारांची समिती नेमली. समिती नेमली म्हटल्यावर आपण मराठी माणसं पुढचं काही विचारत नाही.

अमेरिकेत नशीब काढायचं असेल तर वॉशिंग्टन शहर चांगलं. १६ एप्रिल १८६२ला, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी तिथले गुलाम मुक्त करण्याच्या कायद्यावर सही केली. मालकाला दर माणसामागे ३०० डॉलरपर्यंत. अट एकच, देशाशी एकनिष्ठ असल्याची शपथ. किमती ठरवायला बाल्टिमोरहून गुलामांचा एक व्यापारी बोलावला होता, कारण शेवटी जाणकार माणूस लागतोच. मुक्त झालेल्यांसाठीही तरतूद होती बरं का. १०० डॉलरपर्यंत, पण हैती किंवा लायबेरियाला कायमचं निघून जाणार असाल तर.

जमिनीच्या नादी तर लागूच नका. जानेवारी १८६५मध्ये उत्तरेच्या फौजेतल्या जनरल शर्मन यांनी हुकूम काढला की दक्षिणेच्या किनारपट्टीवरची जप्त जमीन सुटलेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत द्यावी. लोक गेले, घरं बांधली, पेरण्या केल्या. लिंकन यांचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी जमिनी जुन्या मालकांना परत करायचं ठरलं. हे सांगायला सुटलेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड दक्षिण कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर आले. भला माणूस, युद्धात उजवा हात गमावलेला. चर्चमध्ये जमलेल्या लोकांना त्यांनी समजावलं: जुन्या मालकांना क्षमा करा, त्यांच्याकडेच मजुरीने राहा. लोकांच्या समितीने लेखी उत्तर दिलं. तुमचा युद्धात फक्त हात गेला, तुम्ही क्षमा कराल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला नि बहिणीला चाबकाने फोडून काढलं, त्याला मला क्षमा करवत नाही. बघा, ही भाषा. अशाने कामं होतात का?

भाषेवरून आठवलं. बिल कसं करू नये याचा नमुना म्हणून जॉर्डन अँडरसन यांचं पत्र आहे. हा टेनेसीचा गुलाम युद्धात सुटून बायकोमुलांसह ओहायोतल्या डेटनला गेला. जुन्या मालकाचं, कर्नलसाहेबांचं पत्र आलं, परत ये, बरं वागवीन. अँडरसन यांनी ऑगस्ट १८६५मध्ये उत्तर लिहवून घेतलं. येतो की. फक्त तुमच्या शब्दाची खात्री पटावी म्हणून आधी मागचा पगार पाठवा. मी ३२ वर्षं राबलो, महिना २५ डॉलर. माझी मँडी २० वर्षं, आठवड्याला २ डॉलर. एकूण ११,६८० डॉलर. वर व्याज. त्यातून आमच्या कपड्यांचे पैसे वजा करा, माझ्यासाठी डॉक्टर तीनदा आला होता ते करा, आणि मँडीचा एक दात काढला होता, तोही. शेवटी ताजा कलम: तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होतात तेव्हा जॉर्ज कार्टरने तुमच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं, त्याला माझे आभार सांगा.

किती चुका आहेत बघा. हिशेब पोराला कळेल इतका सोपा. दाताचा खर्च स्वतःहून वजा केलेला. सोपा, प्रामाणिक हिशेब घेऊन गेलेल्या माणसाला कुठल्याही खिडकीवर संशयानेच बघतात.

वेळेचीही काळजी घ्या. आता मागायला गेलं तर सांगतात, ज्यांच्यावर अन्याय झाला ते कधीच वारले, ज्यांनी केला तेही, मग कोणी कोणाला द्यायचं? मुद्दा बिनतोड आहे. मग ते लोक जिवंत असतानाच कोणी का नाही मागितलं? मागितलं होतं. नॅशव्हिलच्या कॅली हाउस स्वतः गुलामगिरीत जन्मलेल्या, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या बाई. १८९८च्या सुमारास त्यांनी माजी गुलामांना पेन्शन मिळावी म्हणून संघटना उभी केली. गरीब म्हातारी माणसं चार-आठ आणे वर्गणी पाठवायची. टपाल खात्याने संघटनेची पत्रंच अडवली. १९१५ला त्यांनी गुलामांच्या कष्टाने पिकलेल्या कापसावरच्या जुन्या कराचे ६ कोटी ८० लाख डॉलर मागणारा दावा लावला. उत्तर आलं, सरकारवर सरकारच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. १९१७ला बाईंनाच फसवणुकीबद्दल एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. युक्तिवाद काय होता? सरकार ही पेन्शन कधीच देणार नाही हे उघड असताना, ती मिळेल अशी आशा दाखवून लोकांकडून पैसे घेणं म्हणजे फसवणूक. सरकारने सरकारच्या हेतूबद्दल इतकी स्वच्छ साक्ष क्वचितच दिली असेल. थोडक्यात, हयातीत मागाल तर लबाड, मेल्यावर वारसांनी मागितलं तर उशीर.

आजकाल मार्ग खुले आहेत. १९८९ साली खासदार जॉन कॉन्यर्स यांनी अमेरिकी संसदेत विधेयक मांडलं. भरपाई द्या असं त्यात नाही, भरपाईचा अभ्यास करायला आयोग नेमा एवढंच. ते वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मांडलं गेलं आणि २०२१ साली पहिल्यांदा समितीच्या टेबलावरून पुढे सरकलं. सभागृहात मतदान काही झालं नाही. इलिनॉयमधल्या एव्हन्स्टन शहराने मात्र घरांबाबतच्या जुन्या भेदभावासाठी प्रत्येकी २५,००० डॉलर द्यायला सुरुवात केली, पैसा गांजाविक्रीच्या करातून. पहिले १६ जण २०२२ साली सोडत काढून निवडले. आपल्याकडे घरांची सोडत निघते तशीच. नाव निघालं नाही तर पुढच्या वेळी.

आता शेवटचं, कागदपत्रांचं. तुम्ही अमुकचे वंशज आहात हा पुरावा लागेल. १८५० आणि १८६०च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची नावं नाहीत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग, रंग, बस. नावं यायला लागतात १८७०पासून. त्याच्या मागे जाताना बहुतेकांची वंशावळ भिंतीवर आपटते. पण वॉशिंग्टनच्या मालकांनी ३०० डॉलरसाठी जे अर्ज केले, त्यांत सगळं आहे. नाव, वय, रंग, अंगावरच्या खुणा, दुखणी, स्वयंपाक चांगला करते की नाही. पैसे मिळायचे होते, त्यामुळे मालकांनी हात राखून लिहिलेलं नाही. नशीब असेल तर तिथे खापरपणजी सापडेल. त्या पानाची प्रत काढा, वर अर्ज लावा आणि खिडकीवर द्या.

पलीकडचा माणूस चष्मा वर करून कागद दोनदा बघेल. मग म्हणेल, "या नावावर रक्कम आधीच उचललेली दिसतेय."