मान आखडलेला पुणेकर

पुण्यात राहायला एक घर लागतं, एक दुचाकी लागते आणि नापसंती दाखवायला एक हलती मान लागते. यातली तिसरी गोष्ट एका सकाळी बंद पडली. दात घासायला बेसिनवर वाकलो तो तसाच राहिलो. डावीकडचं दिसायला हवं तर धडासकट वळायचं.

डॉक्टरांनी हाताला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, ताप येतो का असं सगळं विचारलं. यातलं काहीच नव्हतं. "स्नायू आखडलेत. शेक घ्या, हालचाल चालू ठेवा, काही आठवड्यांत जाईल," असं म्हणून त्यांनी घरी पाठवलं. मी ऐकणार होतो. पण सोसायटीला ते पसंत पडलं नाही. सोसायटीच्या मते हा स्पाँडिलायटिस होता आणि प्रत्येकाच्या ओळखीत त्यावरचा 'एकदम खात्रीचा माणूस' होता. नको म्हणायला मान हलवावी लागते. माझी हलत नव्हती. तीच संमती समजून लोक मला ठिकठिकाणी घेऊन गेले.

सुरुवात पेठेतल्या न्हाव्यापासून. दाढी झाल्यावर त्याने एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे घातला आणि प्रेमाने विचारलं, "मोडू का?" इथे मात्र मी ओरडलो. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात आणि अशा झटक्याने त्या फाटू शकतात. क्वचितच, पण फाटल्या तर अर्धांगवायूपर्यंत जातं. शिवाय तो 'कट्' आवाज काही हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा असतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब दर रविवारी मोडून घेतात."

भाच्याने कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके बसवणारा, सुचवला. या विद्येचा उगम 1895 सालचा, अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टचा. डॅनियल पामर यांनी आपल्या इमारतीतल्या झाडूवाल्याचा पाठीचा मणका बसवला आणि त्या बहिऱ्याला ऐकू यायला लागलं, असा त्यांचा दावा. पुण्यात ही जाहिरात चालायची नाही. इथे ऐकू सगळ्यांनाच येतं, ऐकत कोणी नाही.

ॲक्युपंक्चरला गेलो ते थोडं अभिमानानेच. 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर डॉ. बसू होते, ही विद्या भारतात रुजवली ती त्यांनी. सुया केसासारख्या बारीक. दुखत नाहीत, फक्त मोजू नयेत. पण पहिली सुई अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टोचली. "अहो, मान इकडे आहे" म्हणून दाखवावं, तर दाखवायच्याच हातात सुई.

मग तळमजल्यावरच्या काकूंचे वैद्य. ग्रीवाबस्ती. पालथं झोपवून मानेवर उडदाच्या पिठाचं गोल आळं चिकटवतात आणि त्यात कोमट औषधी तेल ओततात. निवलं की काढून पुन्हा गरम. सुख म्हणाल तर निव्वळ सुख. उडदाचं पीठ आणि तापलेलं तेल इतकं जवळ येऊनही वडा झाला नाही, एवढीच काय ती खंत. डोळा लागणार इतक्यात वैद्यांनी विचारलं, "उशी कुठली घेता?" उत्तर कुठलंही द्या, ते चुकतंच. त्यांनी उशी काढून टाकायला लावली, सुईवाल्यांनी पातळ घ्या म्हटलं होतं, पुढे फिजिओने टॉवेलची गुंडाळी दिली.

फिजिओकडे ट्रॅक्शन होतं. हनुवटीखालून पट्टा घालून यंत्र डोकं हळूहळू ओढतं. तोंड उघडता येत नाही, हा त्यातला खरा जाच. पडद्यापलीकडच्या खाटेवरून एक आजोबा कोणाला तरी ठणकावून सांगत होते की, सवाई गंधर्व महोत्सव 1960 ला सुरू झाला. 1953! भीमसेनजींनी! मी पट्ट्यातून "हं! हं!" केलं. ते म्हणाले, "बघा, त्यांनाही पटलं." यंत्राची ओढ कमी करायला मी हात हलवून सांगत होतो; फिजिओबाईंना वाटलं, ताण छान बसतोय.

बाई मात्र हुशार. डोकं साधारण पाच किलोचं असतं, मोबाइलवर वाकलात की मानेवरचा भार कितीतरी पट होतो, त्यामुळे बाहेरून कोणी कितीही चोळलं तरी व्यायाम तुमचा तुम्हालाच, असं त्यांनी बजावलं. मान डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत सुटली. श्रेय न्हाव्याने घेतलं, काकूंच्या वैद्यांनी घेतलं, आणि भाचा म्हणतो, कायरोप्रॅक्टरच्या नुसत्या भीतीने सुटली.

आता उरला तो बाईंचा व्यायाम. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायची, गळ्याला दुसरी हनुवटी येईपर्यंत. पाच सेकंद थांबायचं, सोडायचं. दिवसातून जमेल तेव्हा, जमेल तिथे. चेहरा होतो तो चहात साय आल्यावर होतो तसा. सिग्नलला केला तर शेजारचा स्कूटरवाला "काय झालं?" विचारतो. परवा सोसायटीच्या सभेत रंगकामाचा ठराव वाचला जात होता आणि मी मागच्या रांगेत बसून मनापासून व्यायाम करत होतो. संध्याकाळी इतिवृत्त आलं: ठराव मंजूर, एका सभासदाचा तीव्र विरोध.